अर्ध्या ‘र’चा सांभाळ

मी जे काम करते त्याला मराठीत काय म्हणतात, हे मला अजून ठाऊक नाही. इंग्रजीत ‘मेंटेनर’ म्हणतात. आमचे हे बंदरात मोठी जहाजं ओढणाऱ्या टगवर, इंजिन विभागात होते. त्यांना मी एकदा सगळं समजावून सांगितलं. ते शांतपणे ऐकून म्हणाले, “म्हणजे आमच्याकडचा ऑइलमन. बोट कुठे चाललीये ते त्याला दिसत नाही, पण इंजिन थांबलं की शिव्या त्यालाच.” यापेक्षा नेमकी व्याख्या मी आजवर कुठे वाचलेली नाही.

पनवेलला उरण नाक्याच्या अलीकडे माझं डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, पतपेढ्यांचे अहवाल, साखरपुड्याचे आणि दशक्रियेचे फलक. मराठी टाइप करणं हा तेव्हा संगणकाला फसवण्याचा धंदा होता. आपण इंग्रजी अक्षर दाबलं असं त्याला वाटायचं आणि फॉन्ट त्या जागी ‘क’चं नाहीतर ‘म’चं चित्र काढून दाखवायचा. फॉन्ट काढून घेतला की खाली उरायचा इंग्रजी अक्षरांचा चिवडा. त्यात प्रत्येक कंपनीचा चिवडा वेगळा. मग युनिकोड आलं. त्यात ‘क’ म्हणजे ‘क’च, कुठल्याही संगणकावर, कुठल्याही देशात. पण मागची दहा-पंधरा वर्षं आख्ख्या महाराष्ट्राने जे टाइप करून ठेवलं होतं, त्याचं काय करायचं?

हा प्रश्न माझ्या दुकानात आणला करंजाच्या एका निवृत्त गुरुजींनी. दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. गुरुजींनी आयुष्यभर कोळ्यांच्या बोलीतले शब्द गोळा केले होते. वाऱ्यांची नावं, जाळ्यांची नावं, मोठ्या भरतीच्या उधाणाचे आणि कमी भरतीच्या भांगाचे दिवस मोजायची रीत. उरणच्या एका दुकानात ते सगळं टाइप करून घेतलेलं. ते दुकान बंद पडलं, फॉन्टही गेला आणि गुरुजींच्या हाती सीडी उरली. मी ती लावली तर पडद्यावर चिवडा.

गुरुजी शाळेत शुद्ध बोलत असतील, पण घाबरले की घरची भाषा यायची. “बाई, याच्यान माजे चार हजार शबूद हायेत. आता परत लिवायला आमी काय रातो नाय.”

मी इंटरनेटवर शोधलं आणि एक फुकटचा प्रोग्रॅम सापडला. जुन्या फॉन्टमधला मजकूर टाकायचा, युनिकोड बाहेर येतं. फुकट तर होताच, शिवाय आतून उघडा होता. तो कसा लिहिलाय हे कोणीही वाचावं, चुकलं असेल तर दुरुस्त करावं, अशी त्या जगाची रीत. मात्र केलेली दुरुस्ती सगळ्यांना मिळणाऱ्या प्रतीत घालायची किल्ली एकाच माणसाकडे असते. तो मेंटेनर. या प्रोग्रॅमच्या मेंटेनरची सही फक्त दोन अक्षरांची होती : व्ही. एन.

गुरुजींची फाइल मी त्यातून काढली. बरीचशी आली, पण ‘दर्या’चा ‘दयार्’ झाला होता. जिथे जिथे दर्या, तिथे तिथे दयार्.

गुरुजी खुर्चीतून उठून पडद्याजवळ गेले. “ह्यो नाय चालायचा. चुकीचा छापला तर नातवांना त्योच खरा वाटंल.”

इथे धंद्यातली एक गंमत सांगते. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं जशी दिसतात त्या क्रमाने टाइप करायची, युनिकोडमध्ये जशी बोलतात त्या क्रमाने. ‘कि’ म्हणताना आपण आधी क म्हणतो आणि मग इ, पण वेलांटी काढतो ती आधी. रफाराचं याच्या उलट. तोंडाने र् आधी, कागदावर तो शेवटी डोक्यावर जाऊन बसतो. तेव्हा प्रोग्रॅमला प्रत्येक रफार उचलून योग्य अक्षराच्या आधी नेऊन ठेवावा लागतो. मध्ये काना आला की तो प्रोग्रॅम बावचळत होता.

मी एका क्लासमध्ये सहा महिने प्रोग्रॅमिंग शिकले होते. त्या शिदोरीवर आठवडाभर झटले आणि दर्या जागेवर आणला. मग शब्दकोश शेजारी घेऊन इंग्रजीत मेल लिहिला, दुरुस्ती जोडली आणि खाली त्यांच्यासारखीच दोन अक्षरांची सही केली. एस. जी. म्हणजे सुनंदा घरत, पण ते लिहिण्याचं काही कारण वाटलं नाही.

उत्तर दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला आलेलं दिसलं. ‘डिअर मिस्टर एस. जी.’ अशी सुरुवात. इतकं घोटीव इंग्रजी की मी दोनदा वाचलं. माझी दुरुस्ती स्वीकारली होती आणि त्यातल्या तीन चुका अतिशय सौजन्याने दाखवल्या होत्या. पहाटेची वेळ आणि असलं इंग्रजी, यावरून मी ठरवून टाकलं की हा माणूस अमेरिकेत असतो. ‘मिस्टर’ही मी दुरुस्त केलं नाही. बाई म्हटल्यावर दुरुस्त्या कमी गंभीरपणे घेतील, अशी भीती होती. शिवाय खरं सांगायचं तर, मला ते बरं वाटत होतं. दुकानात मी ‘ओ ताई, पत्रिका झाली का’ होते. तिथे मी मिस्टर एस. जी. होते.

गुरुजींचं पुस्तक निघालं. माझं आणि व्ही. एन. यांचं दोन वर्षं चालू राहिलं. मी एकेका फॉन्टची कोष्टकं पाठवायची, म्हणजे फॉन्टमधल्या कुठल्या चिन्हाचं युनिकोडमध्ये काय होतं याच्या याद्या, आणि ते तपासायचे. त्यांना न दिसलेला अनुस्वार नव्हता. एकदा त्यांनी लिहिलं, की आचार्यांना जेवायला बोलावणं आणि आचाऱ्यांना बोलावणं यात फरक आहे, तो आपल्या प्रोग्रॅमला कळला पाहिजे. हे त्यांनी इंग्रजीत लिहिलं होतं. मी इंग्रजीतच हसल्याचं कळवलं. दोन मराठी माणसं अर्ध्या र वर इंग्रजीत चर्चा करतायत, यातलं हसण्यासारखं तेव्हा दोघांनाही दिसलं नाही.

मग एका पहाटे त्यांचा मेल आला. माझा वेग कमी होतोय, डोळे थकलेत, हे तुम्ही सांभाळाल का? शेवटी एक वाक्य होतं : याबद्दल तुमचे कोणी आभार मानणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मला फार आनंद झाला. सांगायला घरात सासूबाईच होत्या, कारण हे तेव्हा बोटीवर. त्या मांदेली निवडत बसल्या होत्या. मी जमेल तसं सांगितलं.

“कोनासाठी करतंस गो येवरं?”

“लोकांसाठी.”

“कुनाच्या लोकांसाठी?”

उत्तराची वाट न बघता त्या मांदेलीकडे वळल्या.

व्ही. एन. खरं बोलले होते. प्रोग्रॅम नीट चालला तर माणूस वापरतो आणि आपल्या कामाला लागतो, लिहिणाऱ्याची त्याला आठवणही नसते. अडलं की मात्र लिहितो. त्यामुळे मला आलेला जवळजवळ प्रत्येक मेल ही तक्रार होती. एका गृहस्थांनी कळवलं की तुमच्या प्रोग्रॅममुळे माझ्या कवितांचा अर्थ बदलला. कविता पाहिल्या, प्रोग्रॅम निर्दोष होता. एका वकिलांनी ‘चोवीस तासांत खुलासा करावा’ म्हणून लिहिलं. खुलासा केला, पुढे चकार शब्द नाही. दुकानात गिऱ्हाईक समोर बसतं, चहा घेतं, पत्रिकेतलं नाव चुकलं तर ओरडतं आणि मग बारशाला बोलावतं. इथे समोर कोणी नाहीच. शेजारचे झेरॉक्सवाले विचारायचे, “वहिनी, दुपारभर कसलं काम चाललंय? गिऱ्हाईक तर दिसत नाही.” काय सांगणार?

फक्त व्ही. एन. होते. अडलं तर विचारायला, आणि काही जमलं तर दाखवायला. सूत्रं हातात आल्यावर सात-आठ महिन्यांनी त्यांची उत्तरं थांबली. मी दोन मेल केले, मग तिसरा. वाटलं, सुटले बुवा ओझ्यातून, आता कशाला लिहितील.

तीन वर्षं एकटीने काढली आणि मग ती चूक केली.

व्ही. एन. यांच्या एका कोष्टकात अर्ध्या र साठी दोन ओळी होत्या. ‘वाऱ्या’त असतो तो अर्धा र, आडव्या वाकड्या रेघेसारखा. दोन्ही ओळींतलं चिन्ह पडद्यावर हुबेहूब सारखं दिसायचं. मी साफसफाई काढली होती. एकच गोष्ट दोनदा कशाला म्हणून एक ओळ काढून टाकली. गुरुजींची जुनी फाइल लावून पाहिली, सगळे वारे जागेवर होते. नवी प्रत जाहीर केली आणि पुढच्या कामाला लागले.

दोनेक महिन्यांनी दुकानाच्या फोनवर घाटावरच्या एका खेड्यातून फोन आला. मेलवरून नंबर मागून घेतला होता. बोलणारे शाळेतले क्लार्क होते, जाधव भाऊसाहेब.

“मॅडम, तुम्ही त्या कंपनीच्या का?”

“कंपनी नाहीये, भाऊसाहेब.”

“बरं, मग साहेबांना द्या.”

“साहेबही नाहीत. मीच आहे.”

“मग तुम्हालाच सांगतो. आमचं सगळं रजिस्टर तुमच्या त्याच्यातून काढलं. दाखले छापले. कुऱ्हाडेचं कुहाडे झालंय, गोऱ्हेचं गोहे झालंय. माझ्या ध्यानात आलं नाही, सह्या होऊन दाखले गेले. आता कुऱ्हाडेच्या पोरीचा नर्सिंगला नंबर लागलाय. मार्कशीटवर एक नाव, दाखल्यावर दुसरं. दोनदा जाऊन आली, दोनदा परत धाडली.”

“दुसरा दाखला द्या ना लगेच.”

“हेडमास्तर देत नाहीत. म्हणतात, आधी चूक कोणाची ते ठरू दे. मला मेमो दिलाय.” आवाज खाली आणून म्हणाले, “मॅडम, मी रजिस्टरला हात लावलेला नाही. तुमच्या त्याच्यानंच खाल्लाय र.”

मी दुकानाचं शटर निम्मं ओढलं आणि बसले. माझ्याकडच्या फाइलींत चूक सापडेना. ‘वाऱ्या’ ठीक, ‘दऱ्या’ ठीक. भाऊसाहेबांचं रजिस्टर माझ्याकडे नव्हतं, आणि त्यांना मेलला फाइल कशी जोडायची ते येत नव्हतं. चार दिवस गेले. पहिल्याच दिवशी मी व्ही. एन. यांना मेल केला होता. आधी चूक सविस्तर लिहिली आणि मग तोल गेला. तुमच्या कोष्टकात एका ओळीचंही स्पष्टीकरण नाही. तुम्ही ओझं माझ्या डोक्यावर ठेवून पळालात. तिकडे तुम्ही सुखात असाल, इथे एका मुलीचं वर्ष जायची पाळी आली आहे. असलं इंग्रजी मला एरवी सुचत नाही, त्या दिवशी झरझर आलं.

उत्तर आलं नाही.

चौथ्या दिवशी भाऊसाहेबांनी फाइल तालुक्याच्या गावाहून कोणाकडून तरी पाठवली आणि मग दिसलं. त्या फॉन्टमध्ये अर्धे र खरंच दोन होते. एक ‘य’च्या आधी लावायचा, एक ‘ह’च्या आधी. दिसायला सारखे, आतून वेगळे. मी ‘ह’वाला काढून टाकला होता. म्हणून वारे वाचले आणि कुऱ्हाडे गेले.

ओळ परत घातली. बिघडलेली नावं शोधणारा छोटा प्रोग्रॅम लिहून भाऊसाहेबांना पाठवला. हेडमास्तरांसाठी पत्र लिहायला घेतलं की चूक माझी आहे, क्लार्कची नाही, तेव्हा लक्षात आलं, आपल्याला लेटरहेडच नाही. शेवटी ‘लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्ड, रबरी शिक्के’ असं छापलेल्या दुकानाच्या कागदावर लिहिलं आणि खाली दुकानाचा शिक्का मारला. पहिल्यांदाच या कामासाठी पूर्ण नावाने सही केली.

भाऊसाहेबांचा मेमो मागे घेतला गेला. मुलीला दुसरा दाखला मिळाला, पण तोवर प्रवेशाची मुदत संपली होती. तिचं वर्ष गेलं. भाऊसाहेबांनी पोस्टकार्डावर कळवलं, ‘पोरगी पुढच्या साली जाईल, आपण मनाला लावून घेऊ नये.’ पुढच्या साली ती गेली का, हे विचारायचा मला धीर झाला नाही. तिचं पहिलं नावसुद्धा मी विचारलं नव्हतं.

त्यानंतर दीड-दोन वर्षांनी एक मेल आला, व्ही. एन. यांच्याच पत्त्यावरून. मी घाईने उघडला. तीनच ओळी होत्या. माझे पती गेल्या महिन्यात वारले. तुमची पत्रं अजून त्यांच्या नावाने येतात. कृपया थांबवावीत. खाली जुन्या वळणाच्या माणसांसारखा पूर्ण पत्ता होता. इमारत, सेक्टर, खारघर.

पनवेलहून खारघरला बसने अर्धा तास लागतो. मी दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. दारावरच्या पाटीवर त्यांचं पूर्ण नाव होतं. ते वाचत मी बराच वेळ बेल न वाजवता उभी राहिले.

ज्यांनी दार उघडलं त्या सत्तरीच्या पुढच्या, ताठ, पांढऱ्या केसांच्या बाई होत्या. “एस. जी.,” मी म्हटलं.

“त्यांच्या घरून आलात का?”

“नाही, काकू. मीच एस. जी.”

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. “आम्हाला वाटायचं, कोणी मुलगा आहे. सिंगापूरला.”

चहा घेताना सगळं कळलं. व्ही. एन. मुंबईतल्या एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. जन्मभर इतरांचे रफार आणि वेलांट्या तपासलेल्या. निवृत्तीनंतर खारघरला आले, संगणक शिकले. लवकर उठायची सवय छापखान्याच्या पहिल्या पाळीची. आणि ते घोटीव इंग्रजी काकूंचं. त्या इंग्रजीच्या शिक्षिका होत्या. ते मराठीत सांगायचे, त्या इंग्रजीत लिहून द्यायच्या.

“मग उत्तरं का थांबली?”

“झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तुम्हाला कळवू का विचारलं, की मान हलवून नको म्हणायचे. पाच वर्षं या खाटेवर होते.” मग म्हणाल्या, “तुमच्या तक्रारींची पत्रं येतच होती. ती ज्यांना जातात त्या यादीत त्यांचं नाव राहिलं होतं ना. मी रोज सकाळी वाचून दाखवायचे. मी म्हणायचे, अहो, एवढे लोक कसे चिडलेत तुमच्यावर? तर हसायचे.”

“माझीही पत्रं वाचलीत?”

“सगळी.”

“तो एक मेल… तुम्ही पळालात म्हणून…”

काकूंनी कप खाली ठेवला. “तोही वाचला. मला काय माहीत पुढे काय लिहिलंय. सुरू केला की संपवायची सवय. त्या दिवशी जेवले नाहीत.”

काकू उठून आत गेल्या आणि एक शाळेची वही घेऊन आल्या. झटक्यानंतर डाव्या हाताने लिहायची सवय व्हावी म्हणून आणलेली. बऱ्याच पानांवर नुसत्या रेघोट्या होत्या.

“दुसऱ्या दिवशी मला तेच पत्र पुन्हा वाचायला लावलं. वही मागितली आणि हे काढलं. मला सारखे दाखवत होते, मी म्हटलं, हो हो, छान. मला वाटलं, हात चालतोय का बघतायत.”

पानावर पेन्सिलीने काढलेली एक आडवी वाकडी रेघ होती. तिच्या पुढे कसाबसा काढलेला ‘य’. खाली पुन्हा तशीच रेघ आणि तिच्या पुढे ‘ह’. दोन्ही रेघांभोवती वेगवेगळी वर्तुळं, पेन्सिल दाबून गिरवलेली.

मी चार दिवस जे शोधत होते ते त्यांना दुसऱ्या दिवशी कळलं होतं. खारघर बसने अर्ध्या तासावर होतं, आणि मुलीची मुदत संपायला तेव्हा दोन दिवस होते.

“काय आहे हे?” काकूंनी विचारलं.

मी समजावून सांगितलं. पान हातात घेऊन त्यांनी दोन्ही वर्तुळांवरून बोट फिरवलं. “म्हणजे ते उत्तर देत होते,” त्या म्हणाल्या. “आणि मी म्हणतेय, छान.”

पान मी मागितलं, त्यांनी दिलं नाही. ते बरोबरच होतं. खालच्या दुकानातून झेरॉक्स काढून घेतली.

त्या आठवड्यात मी कोष्टकातल्या त्या दोन ओळींशेजारी मराठीत लिहिलं, की हे दोन र सारखे दिसले तरी वेगळे आहेत, कोणी काढू नयेत. खाली हे ज्यांनी ओळखलं त्यांचं पाटीवरचं पूर्ण नाव घातलं. पहिल्या पानावर माझं नावही पूर्ण घातलं. सुनंदा घरत, पनवेल.

काकू पुढे वर्षभरात लेकीकडे बडोद्याला गेल्या. हे निवृत्त होऊन घरी आले. दुकान मी बंद केलं, हे काम चालू आहे. तक्रारी आता मराठीतही येतात, त्यांची उत्तरं मी मराठीत देते आणि शेवटी एक ओळ जास्तीची लिहिते : आपण कुठे राहता? बहुतेकांना ती विचित्र वाटत असावी. अडचण सुटली की ते निघून जातात, त्या ओळीचं उत्तर कोणी देत नाही.

मागच्या महिन्यात एकाने दिलं. ‘उरणला. का?’

त्या ‘का’वर मी तीन दिवस विचार केला. मोठं काहीतरी लिहायला घेतलं, खोडलं. मग एकच शब्द पाठवला.

‘सहज.’